सुईएवढं छिद्र

गजभिये मिस्त्री पेंट शॉपच्या दारात उभे राहिले, की आधी आमचे खिसे बघत आणि मग तोंडं. पँटचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर लोंबते ठेवायचे, मगच आत पाऊल टाकायचं. शेळीच्या कानांसारखे ते खिसे घेऊन पन्नाशीतली माणसंही रांगेत उभी राहत आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत. कोणाच्या खिशात आगपेटी सापडली तर मिस्त्री ती उघडून एकेक काडी मोडत, मोडलेल्या काड्या त्याच माणसाच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "घे. आता ओढ बिडी."

कारखाना कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत होता. आधी तिथं लोखंडी कपाटं बनत, पुढं विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनू लागल्या. मी सत्तरच्या सुमारास तिथं लागलो. त्याआधी नागपूरच्या गांधीबागेत एका ठोक दुकानात कापडाच्या गाठी उचलत होतो. सकाळी नागपुराहून कंपनीची बस निघे. मिस्त्री इंदोरा वस्तीत चढत, पुढच्या सीटवर खिडकीशी ताठ बसत. त्यांच्या शेजारची जागा बहुतेक रिकामीच असे. काही जण त्यांच्या जातीमुळं बसत नसत, हे मला हळूहळू कळलं. बाकीचे त्यांच्या स्वभावामुळं बसत नसत. मिस्त्रींनी दोन्हींत फरक केला नाही. ते खिडकीबाहेर बघत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आधी कुठी होता?"

"गांधीबागेत जी. कापडाच्या दुकानात."

"कापड ओळखता येते?"

"हो जी."

त्यांनी रांगेतल्या एका हसऱ्या, सावळ्या माणसाकडं बोट दाखवलं. "त्याच्या आंगात काय हाय सांग."

मी शर्टाची कड दोन बोटांत धरून बघितली. "टेरेलिन."

तो नामदेव. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातला, घरी संत्र्याची लहानशी बाग, कळमेश्वरला खोली करून राहायचा. नुकतंच लग्न झालेलं होतं. शर्ट काढ म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. "मिस्त्री, सासऱ्यानं देल्ला हाय. आजच घातला."

"सासऱ्याले सांग, जावई जिता पायजे असंन तं सुती दे."

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी तो शर्ट घेतला, कोरड्या हातांनी चोळला आणि माझ्या मनगटाजवळ धरला. हातावरची लव उभी राहिली, बारीक चटचट झाली. "हे घरी होते तवा मजा वाटते," ते म्हणाले. "इथं हवेत थिनर हाय. ठिणगी पडली का भडका." नामदेवनं तो दिवस बनियनवर काम केलं आणि दुसऱ्या दिवसापासून कापड तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मिस्त्रींना एखाद्या शर्टाबद्दल शंका आली की ते ओरडत, "गांधीबागवाल्याले बोलवा!" मला कारखान्यात सगळे पुढं त्याच नावानं ओळखू लागले.

आमचं काम दिसायला सोपं. मागं पंखा असलेली पत्र्याची एक मोठी कोठी, तिला आम्ही बूथ म्हणायचो. त्यात लोखंडी माल टांगायचा आणि गन घेऊन त्यावर रंग मारायचा. कॉम्प्रेसरची हवा रंगाचा फवारा करते, उडालेला रंग आणि थिनरची वाफ मागचा पंखा ओढून बाहेर टाकतो. रंग मारणारा माणूस घटकाभर नीट पाहिला की कोणालाही वाटतं, हे मलाही येईल. मिस्त्री म्हणत, "रंग माराले आठ दिवसांत येते. मरू नये कसं, थे शिकाले जल्म जाते."

त्यांचे नियम साधे होते, पण ते मोडायची सोय नव्हती. पंखा आधी, गन मागून. तोंडाला ओलं फडकं. खिळे मारलेली चप्पल आत नाही. मिस्त्री स्वतः आपल्या चपला दाराबाहेर काढून आत कॅनव्हासचे बूट घालत. रंग पुसलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात, कोपऱ्यात ढीग केलेला दिसला की त्या माणसाची खैर नाही. गन रिकामी असली तरी कोणाकडं रोखायची नाही. आणि थिनरच्या ड्रममधून डब्यात ओतायच्या आधी दोघांना तांब्याच्या तारेनं जोडायचं, म्हणजे ओतताना ठिणगी पडत नाही. त्या तारेला ते नाळ म्हणत. शॉपच्या दुसऱ्या टोकाला असले तरी झाकण उघडल्याचा आवाज त्यांच्या कानाला लागे. तिथूनच हाक येई, "नाळ बांधली का बे?"

त्यांची आणखी एक सवय आम्हाला फार छळायची. कधीही ते शॉपच्या मधोमध उभे राहून डोळे मिटत आणि कोणालाही, आपण कामात असलो तरी, विचारत, "वास कसा येऊन राहिला?" थोडा येतो म्हटलं की काम बंद, दारं उघडी. येत नाही म्हटलं की दुसऱ्याला विचारत, मग तिसऱ्याला. मास्तर पाढे विचारतात तशी ही आमची परीक्षा आहे, असं सगळे समजायचे. खोटं बोलायची हिंमत नव्हती, कारण मिस्त्रींचं नाक कुत्र्याचं आहे अशी त्यांची ख्याती होती.

एका दिवाळीच्या आधी मालाची फार घाई होती. दोन बूथपैकी एकाचा पंखा जळाला. वर्क्स मॅनेजर पाठक साहेब स्वतः खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं होतंच.

"गजभिये, एक पंखा चालू आहे ना? दारं उघडी ठेवा आणि दोन्हीकडं काम चालू द्या. चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे."

"नाही जमत साहेब."

"मी सांगतोय म्हणून करा."

मिस्त्री कॉम्प्रेसरपाशी गेले, बटण बंद केलं, चाक थांबेपर्यंत वाट बघितली, पट्टा उतरवला आणि गमछ्यासारखा खांद्यावर टाकून बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. पट्ट्याशिवाय हवा नाही आणि हवेशिवाय गन नाही. नागपुराहून पंख्याची जळालेली मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत ते रोज तो पट्टा खांद्यावर घेऊनच फिरले. त्या दिवाळीत आमच्या सगळ्यांचा ओव्हरटाइम बुडाला. पाठक साहेबांपेक्षा आम्हीच त्यांच्यावर जास्त चिडलो.

एक दिवस सुटी झाल्यावर मिस्त्री बाहेर आले तर त्यांच्या चपलांना कोणीतरी तांबडा रेडऑक्साइड मारलेला. वरून, खालून, पट्ट्यांना, सगळीकडून, अजून ओला. आम्ही बसच्या रांगेत उभे राहून गंमत बघत होतो. त्यांनी एक चप्पल उचलली, उजेडात तिरपी धरून बघितली. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "कुठीच ओघळ नाही. हात एकसारखा हाय. कोणाचा हाय?"

मग त्यांनी त्या ओल्या चपला पायांत घातल्या आणि बसमध्ये चढले. बसच्या पायरीपासून पुढच्या सीटपर्यंत तांबडे ठसे उमटले. दुसऱ्या दिवशी नामदेव त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "मीच होतो." मिस्त्रींनी त्याला त्या दिवसापासून शेवटच्या हाताचं, म्हणजे सगळ्यांत वरच्या थराचं काम दिलं. ते काम आधी ते स्वतः करत.

त्यानंतर दोघांचं जे जमलं, ते आम्हाला कोडंच होतं. एक कधी हसत नसे आणि दुसऱ्याचं हसणं थांबत नसे. नामदेव संत्री आणायचा, मिस्त्रींच्या डब्याशेजारी न विचारता ठेवायचा. मिस्त्री साल सोलायला लागले की तो म्हणायचा, "धीरे मिस्त्री, रस उडते, डोये झाका." मिस्त्री मान फिरवत, पण खात.

मी त्यांच्या घरी गेलो तो योगायोगानं. एका रविवारी मोमिनपुऱ्याकडून येताना इंदोऱ्यात त्यांच्या गल्लीतून चाललो होतो, तर घरातून काळा धूर बाहेर येत होता. धावत आत गेलो. चुलीवर वरण पार जळून कोळसा झालं होतं आणि मिस्त्री त्या चुलीपासून हातभर अंतरावर, पाठ करून, सायकलचं चाक नीट करत बसले होते. एवढा जळका वास की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना काही नाही. तेवढ्यात त्यांची बायको, यशोदाबाई, नळावरून भरलेली गुंडी घेऊन आल्या. त्यांनी भांडं खाली ओढलं, धुराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"यायले वास येत नाही गा भाऊ," त्या म्हणाल्या. "कितीक वर्षं झाले. दूध करपो, उंदीर मरो, कायचाच नाही."

मिस्त्री उठले आणि अंगणात गेले. यशोदाबाईंनी मला पाणी दिलं. मग हळू आवाजात, चुलीतली लाकडं बाहेर ओढता ओढता, त्या बोलू लागल्या. मिस्त्री आधी नागपुरात बसगाड्यांच्या बॉड्या रंगवायच्या कारखान्यात होते. यशोदाबाईंचा धाकटा भाऊ त्यांनीच तिथं कामाला लावला होता. ड्रममधून थिनर ओतताना भडका उडाला. कोणी बिडी पेटवली नव्हती, कोणाची काही चूक नव्हती. निदान तेव्हा तसंच सगळ्यांना वाटलं. भाऊ दोन दिवस जगला. "तवापासून यायनं त्या तारेचा नाद लावला," त्या म्हणाल्या. "झोपीत बी नाळ, नाळ करते हा माणूस."

मी निघालो तेव्हा मिस्त्री दारात उभे होते. "ऐकलं?" एवढंच ते म्हणाले.

"हो जी."

"कंपनीले समजलं तं पॅकिंगमध्ये टाकतीन मले. मंग इथं कोण पाहीन?"

मी कोणाला सांगितलं नाही. फक्त त्यानंतर ते शॉपच्या मधोमध डोळे मिटून उभे राहिले की मी विचारायची वाट न बघता मोठ्यानं सांगायचो, "मिस्त्री, डावीकडून येऊन राहिला." ते माझ्याकडं न बघता मान हलवायचे.

मग ते नवीन मशीन आलं. ट्रान्सफॉर्मरच्या टाक्यांना जाड रंग लागतो, तो साध्या गननं लवकर होत नाही. या मशीनमध्ये हवा नव्हतीच. पंप रंगालाच एवढ्या जोरानं दाबायचा की तो गनच्या बारीक तोंडातून सुटताना आपोआप फुटून फवारा व्हायचा. मुंबईहून एक इंजिनिअर आला, अर्धा दिवस चालवून दाखवलं, कसं सुरू करायचं, कसं धुवायचं, ट्रिगरचं लॉक कुठं असतं हे सांगितलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मिस्त्रींनी त्याला बरंच विचारलं. पंखा किती लागेल, नाळ कुठं जोडायची, नळी फुटली तर काय. "समोर हात धरायचा नाही," हेही तो बोलला. हात धरलाच तर पुढं काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही आणि मिस्त्रींनीही विचारलं नाही. विचारावं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

दुपारच्या जेवणानंतरची वेळ. नामदेव टाकीच्या आतल्या बाजूला रंग मारत होता. गनचं तोंड चोंदलं, फवारा तिरपा पडू लागला. साध्या गनच्या सवयीनं त्यानं डाव्या हाताचं पहिलं बोट तोंडावर फिरवून रंग पुसला. लॉक लावलेलं नव्हतं. ट्रिगर जरासा दबला.

"आयो!" तो म्हणाला आणि हसला. "चावलं मिस्त्री, तुमचं मशीन."

मिस्त्रींनी त्याचा हात धरून उजेडात नेला. बोटाच्या टोकाला एक छिद्र होतं. सुईएवढं. रक्ताचा एक थेंब, त्याभोवती करड्या रंगाचा ठिपका. बस. मी शेजारीच होतो. संत्र्याचा काटा टोचला तर याहून जास्त दिसतं.

"दुखते?"

"नाही जी. मुंग्या आल्यासारखं वाटते."

मिस्त्रींनी साबणानं हात धुववला, स्वच्छ फडकं बांधलं, पाणी पाजलं. लॉक न लावल्याबद्दल दोन शिव्या दिल्या. "बस थोडा. मंग घरी जा. उद्या ये." नामदेव घरी गेला नाही. सुटी होईपर्यंत एका हातानं मालावरची धूळ पुसत राहिला आणि सगळ्यांना मशीन कसं चावलं ते सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस पोचली तेव्हा तो फाटकाशी बसलेला होता. शेजारी त्याची बायको. हात कोपरापर्यंत सुजून दुधीभोपळ्यासारखा झालेला, बोट काळं पडलेलं. तो हसत नव्हता. बोलतही नव्हता. मिस्त्री बसमधून उतरले, त्यांनी हात बघितला आणि कोणाला न विचारता कंपनीची जीप काढायला लावली. मीही बरोबर गेलो. नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत मिस्त्री त्याचा हात आपल्या दोन्ही हातांवर तोलून धरून बसले होते, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला स्वतः अर्धे उठत.

डॉक्टर तरुण होता. त्यानं बोटातून मनगटाकडं दाबत बघितलं. "हे कधी झालं?"

"काल दुपारी," मिस्त्री म्हणाले.

"काल?" डॉक्टरनं मान वर केली. "अहो, छिद्र बारीक दिसतं, पण आत रंग पार मनगटापर्यंत घुसलाय. थिनर आतून मांस जाळतं. काल लगेच आणला असता तर उघडून, धुऊन, कदाचित बोटावर भागलं असतं."

आधी बोट काढलं. मग तळहात. शेवटी मनगटाच्या वरून हात गेला. त्या सगळ्या दिवसांत मिस्त्री कामावरून सुटले की दवाखान्यात येत आणि वॉर्डाच्या बाहेर, भिंतीशी उभे राहत. नामदेवची बायको आतबाहेर करायची, त्यांच्याकडं बघायची नाही. एकदा तिनं त्यांच्यासमोर थांबून विचारलं, "तुमी त्यायले काहून नाही आणलं जी त्याच दिवशी?"

कंपनीनं चौकशी बसवली. पाठक साहेबांच्या खोलीत. मी साक्षीदार म्हणून कोपऱ्यात बसलो होतो. सगळं आधीच ठरल्यासारखं चाललं होतं. कामगारानं लॉक लावलं नव्हतं, तोंडासमोर बोट नेलं, सूचना दिलेल्या होत्या. निष्काळजीपणा कामगाराचा.

पाठक साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "गजभिये, तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. एवढ्या वर्षांत तुमच्या शॉपमध्ये ठिणगी पडली नाही. तुमच्या नाकाला जे कळतं ते कोणाच्या डोळ्यांना कळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. लॉक लावलं नव्हतं, एवढं सांगा आणि सही करा."

मिस्त्री म्हणाले, "लॉक लावलं नव्हतं. खरं हाय. थे लिहा."

कारकुनानं लिहिलं.

"आता पुढचं लिहा. मशीन चालवाले त्याले मी उभं केलं. अर्ध्या दिवसात शिकलेलं मशीन. थे लिहा. बोट पाहलं मी. मी म्हणलं, बस थोडा आन घरी जा. दवाखान्यात नेलं नाही. थे लिहा."

"गजभिये, याची गरज नाही."

"हाय साहेब. आखरी एक राहिलं. माह्या नाकाले काहीच कळत नाही. कितीक वर्षांपासून मले वासच येत नाही. थे बी लिहा."

कारकुनाचा हात तसाच थांबला. पाठक साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्हाला कळतंय का, याचा अर्थ काय होतो?"

"कळते."

बाहेर आल्यावर युनियनचा पुढारी त्यांच्या अंगावर धावून आला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला म्हणाला, वेडा आहेस म्हणाला. पण कागदावर सगळं आलं होतं, त्यामुळं कंपनीला सगळा दोष एकट्या नामदेववर टाकता आला नाही आणि त्याला भरपाई मिळाली. वॉचमनची नोकरी देऊ केली, ती त्यानं घेतली नाही. तो बायकोला घेऊन गावी गेला.

मिस्त्रींना पॅकिंगला टाकलं. रंगवलेल्या टाक्यांना गवत आणि गोणपाट गुंडाळायचं काम. हाताखाली कोणी नाही. चहाच्या सुटीत ते पेंट शॉपच्या दारापर्यंत येत. आत यायची त्यांना मनाई होती. उंबऱ्याबाहेर उभे राहून आतल्या नव्या माणसांना सांगत, "सुईएवढं छिद्र पडलं तरी दवाखाना. दुखो का न दुखो. ऐकलं का गा?" पहिले काही दिवस माणसं हो जी म्हणत. मग नुसती मान हलवत. मग नव्या मिस्त्रीनं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली. तारेचा तुकडा काही महिने ड्रमला अडकलेला दिसायचा, पुढं तोही कोणी कशाला तरी नेला.

याच काळात त्यांना खोकला लागला आणि तो वाढत गेला. हात थरथरू लागले. बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसू लागलो होतो, पण बोलणं फारसं होत नसे.

एक दिवस यशोदाबाई मला शोधत आमच्या घरी आल्या. "भाऊ, हे रविवारी पहाटेच निंगते आन दिवस बुडता येते. कुठी जाते, सांगत नाही. खोकून खोकून रक्त पडून राहिलं. एकटं जाऊ देऊ नका."

पुढच्या रविवारी मी स्टेशनवर त्यांना गाठलं. इटारसीकडं जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आम्ही बसलो. नरखेडला उतरलो, तिथून एसटीनं एका फाट्यावर, आणि पुढं पायी. बागेच्या कुंपणाशी पोचल्यावर मला समजलं.

झाडांवर कोळशी धरली होती, पानं काजळ फासल्यासारखी काळी. फवारणी चालू होती. जमिनीवर ठेवलेला पायपंप असतो, एक जण त्याचा दांडा पायानं मारत राहतो आणि दुसरा लांब नळी धरून झाडावर औषध फवारतो. दांड्यावर नामदेवची बायको होती, पोटुशी. नामदेवनं नळी डाव्या बगलेत दाबून उजव्या हातात फवारा धरला होता. आम्ही आलो तरी कोणी नमस्कार केला नाही की या म्हटलं नाही. मिस्त्रींनी चपला काढल्या, पंपाशी गेले. ती बाजूला झाली, पदरानं तोंड पुसलं आणि विहिरीकडं निघून गेली. मिस्त्री दांडा मारू लागले. थोड्या वेळानं थांबले, खिशातून फडकं काढलं, ओलं केलं आणि नामदेवच्या मागं जाऊन त्याच्या नाकातोंडावर बांधलं. नामदेव स्थिर उभा राहिला. गाठ बसली तसा पुन्हा झाडाकडं वळला.

दुपारी मिस्त्री विहिरीवर हात धुवायला गेले तेव्हा नामदेव माझ्याजवळ येऊन बसला. तो पूर्वीसारखा बोलका राहिला नव्हता.

"कवापासून येऊन राहिले हे?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. पह्यल्या बारीले मी घराबाहेरच निंगालो नाही. दिवसभर आंगनात बसला आन गेला. मंग एका रविवारी आलो बागेत, तं हा पंपावर उभा."

"तू बोलावलं होतं?"

"ये म्हणलं नाही मी. येऊ नको बी म्हणलं नाही."

"राग गेला का मग?"

त्यानं आपल्या थोट्या हाताकडं बघितलं. "राग कुठी जाते गा? मी सकाळी उठतो तं थो माह्या आधी उठून बसला राहते." मग विहिरीकडं बघत म्हणाला, "पण दाब एकसारखा ठेवते म्हातारा. बायको मारते तं फवारा तुटते."

नामदेवच्या बायकोनं भाकरी आणली. तिघांची ताटं एका ठिकाणी वाढली आणि मिस्त्रींचं जरा दूर, बांधावर. नामदेवनं ते बघितलं, आपलं ताट उचललं आणि बांधावर जाऊन मिस्त्रींपासून हाताच्या अंतरावर बसला. दोघं एकमेकांकडं न बघता जेवले.

मिस्त्री पुढच्या हिवाळ्यात गेले. मी तेव्हा भंडाऱ्याला सासुरवाडीत होतो, मला उशिरा कळलं. यशोदाबाई म्हणाल्या, शेवटच्या रविवारीही उठून बसले होते, चपला मागत होते.

बागेतल्या त्या दिवशी मला परतीची एसटी गाठायची होती. मिस्त्री म्हणाले, "तू हो पुढं. झाडायच्या दोन वळी राहिल्या." मी कुंपणाबाहेर आलो आणि मागं वळून बघितलं. एक झाड संपलं होतं, पंप पुढच्या झाडापाशी न्यायचा होता. औषधानं भरलेला पंप जड असतो, एकट्याला हलत नाही. मिस्त्रींनी वाकून एका बाजूनं धरला, खोकला आला म्हणून थांबले. नामदेव तसाच उभा राहून वाट बघत होता. खोकला थांबला तेव्हा त्यानं उजव्या हातानं दुसरी बाजू धरली, थोटा हात खाली आधाराला लावला आणि म्हणाला, "उचला." दोघांनी पंप उचलला आणि काळ्या पानांच्या झाडांमधून, एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवत, हळूहळू पुढं निघाले.